अंबाडी नाक्यावरील दोन तास

भिवंडीहून वाड्याकडे निघाले की गोदामांची रांग हळूहळू मागे पडते, भातखाचरे दिसू लागतात आणि अंबाडी नाका येतो. येथून एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो आणि पुढे शिरसाडला अहमदाबाद महामार्गास मिळतो. वसईचा किल्ला सर व्हावा म्हणून चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला होता व १७३९ साली तो फळास आला, असे या परिसरात सांगतात. आमचा मुक्काम मात्र नाक्यावरच पडला.

गेल्या फेब्रुवारीची २० तारीख. पुतण्याच्या दुकानाचे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस. उशीर झाल्यास दररोज ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. वहिनींचा चोविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी वाड्यास पोहोचणे आवश्यक होते.

"काका, दहा मिनिटांचे काम आहे," असे म्हणून पुतण्याने सव्वाचारला गाडी झाडाखाली उभी केली, इंजिन बंद केले आणि लायटरच्या सॉकेटमध्ये छोटा इन्व्हर्टर लावला. सिगारेट पेटविण्यासाठी योजलेली जागा आमच्या निर्व्यसनी घरात हिशेबाच्या कामी आली, याचे मला कौतुकच वाटले. परंतु खरेदीची बिले जुळेनात. विवरणपत्र भरून झाले तेव्हा सव्वासहा वाजले होते. किल्ली फिरविली, तर नुसता 'टक्' असा आवाज!

बँकेतील माणसाला हा व्यवहार समजण्यास कठीण नाही. गाडीची बॅटरी हे भांडवल आणि इंजिनबरोबर फिरणारा अल्टरनेटर हे उत्पन्न. लहान गाडीच्या बॅटरीत साधारण ३५ अँपिअर-तास वीज असते. लॅपटॉपला ६५ वॅट लागतात, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून तासाला सहा-सात अँपिअर-तास जातात. दोन तासांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक भांडवल गेले. बॅटरी जुनी, त्यात पंखा व फोन चालूच. इंजिन सुरू करण्यापुरतीही शिल्लक उरली नाही.

शिवाय इन्व्हर्टर बाराचे २३० व्होल्ट करतो आणि लॅपटॉपचा चार्जर त्याचे पुन्हा १९ करतो. रुपयाचे डॉलर करून लगेच पुन्हा रुपये करावेत, तशी ही दोनदा दिलेली दलाली. बारा व्होल्टवरून थेट चालणारा चार्जर घेतल्यास यातील बरीच वाचते. सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. त्यावर मोठा इन्व्हर्टर लावला तर फ्यूज उडतो.

शेजारी उभ्या असलेल्या ट्रकच्या चालकाकडे मदत मागितली. तो म्हणाला, "शेठ, माझी चोवीस व्होल्टची, तुमची बाराची. जोडली तर तुमच्या गाडीचा मेंदू जळेल." त्यानेच एका टेम्पोवाल्यास थांबविले. टेम्पो बाराचा होता. लाल तार धन टोकांना जोडली. काळ्या तारेचे एक टोक टेम्पोच्या ऋण टोकाला आणि दुसरे आमच्या इंजिनाच्या लोखंडाला लावले. गाडी सुरू झाली. टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत.

तोवर सूर्य मावळला होता. तत्पूर्वीच वहिनींनी बाटलीतील उकळलेले पाणी पिऊन पच्चक्खाण घेतले होते. वाड्यास पानांवर सर्व काही तयार होते, त्या हसून म्हणाल्या, "आता नवकारशीलाच." पुतण्याने मान खाली घातली. विवरणपत्र वेळेत गेले होते, पण त्याची किंमत घरातील वडीलधाऱ्या बाईने भुकेने मोजली होती.

आता त्याचा लॅपटॉप गाडी धावत असतानाच चार्ज होतो आणि बिले १५ तारखेपर्यंत जुळलेली असतात. उत्पन्न चालू असतानाच खर्च करावा, हे आमच्या पेढ्यांवरचे जुने शहाणपण. अंबाडी नाक्याने ते आम्हांस नव्याने शिकविले.