नीरक्षीर

मानसरोवरात सरोवर नाही, ही गोष्ट येथे बदलून येणाऱ्या माणसास पहिल्या आठवड्यातच कळते. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेली ही जयपूरची विस्तीर्ण वसाहत. २०१५ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा तिच्या टोकाच्या स्थानकासही हेच नाव मिळाले. रस्त्यांची नावे मात्र कोणा रसिकाने ठेवलेली दिसतात : रजत पथ, स्वर्ण पथ, किरण पथ, शिप्रा पथ. मी राहतो तो रस्ता मध्यम मार्ग. केंद्र सरकारच्या कारकुनास ह्याहून शोभेल असा पत्ता कोणता मिळणार!

पाणी नाही तेथे हंस कोठून असावयाचे? तरी मानसरोवर म्हटले की आपल्या मनात हंस येतो, आणि हंसामागून त्याची ती नीर आणि क्षीर वेगळे करण्याची कला. गेल्या दोन वर्षांत हे नीरक्षीराचे काम रोज माझ्या टेबलावर चालले आहे. हंसाच्या जागी यंत्र आहे, आणि यंत्राच्या पोटात गेल्या दोनशे वर्षांचे गणित आहे. पुण्यास गणित घेऊन पदवी मिळविली तेव्हा ते पुढे जावक-बारनिशीच्या कामी येईल असे मला वाटले नव्हते. ते आले, आणि ज्या कारणाने आले ते कारण थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

आमच्या कार्यालयातील जुनी सेवापुस्तके यंत्राने चित्रित करून संगणकात साठविण्याचा हुकूम झाला. सेवापुस्तक म्हणजे काय हे ह्या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पण त्याच्या पहिल्या पानाकडे आपण सहसा पाहत नाही. तेथे, विशेषतः जुन्या चौकीदार-शिपायांच्या पुस्तकांत, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे असतात. कंत्राटदाराने पाठविलेला मुलगा हुशार होता. पानाचे चित्र काढून तो ते इतके आवळी की शंभर पाने जेथे मावावयाची तेथे दोन हजार मावत. मी शंका काढली की तो हसून म्हणे, “साहब, आँख को फर्क नहीं दिखेगा.” त्याचे म्हणणे बहुतेक पानांपुरते खरे होते.

चित्र आवळले जाते म्हणजे नेमके काय होते? यंत्राच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. ठसे टिपताना एका इंचात ५०० ठिपके घेण्याचा प्रघात आहे. म्हणजे एक चौरस इंच ठशाचे अडीच लाख आकडे झाले. काळ्यास शून्य, पांढऱ्यास २५५, मधल्या छटांस मधले आकडे. गणिताच्या भाषेत हे एक फलन : जागा सांगा, छटा मिळेल. हे फलन थोडक्या आकड्यांत कसे सांगावे हा प्रश्न, आणि त्याचे पहिले मोठे उत्तर फ्रेंच गणितज्ञ फूर्ये ह्याने १८०७ साली उष्णतेचा विचार करताना दिले. कोणतेही फलन लहानमोठ्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येते. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर उमटतात आणि जाणता कान ते वेगळे ओळखतो. हरात्मक विश्लेषण म्हणजे त्या कानाचेच गणित. जयपूरकरांस ही कल्पना सर्वस्वी नवी वाटू नये. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. त्यात ग्रहांची गती वर्तुळावर वर्तुळ चढवून मांडली आहे, आणि वर्तुळावरील वर्तुळे व लाटांची बेरीज ह्या दोन वस्तू गणिताच्या दृष्टीने फार दूरच्या नाहीत.

फूर्येच्या लाटेत एक उणेपणा मात्र आहे. ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असते. आमच्या शेजारच्या सांगानेरात एकच ठसा शंभर वेळा उमटवून कापडाचा तागा छापतात. असली पुनरावृत्ती लाटांना उत्तम सांगता येते. पण ताग्यात एकाच जागी छिप्याचा हात हलला असेल, तर ती एक जागा सांगण्यास असंख्य लाटा लागतात आणि बाकी सर्व ठिकाणी त्यांनी एकमेकींस खोडावे लागते. एका कारकुनाची बदली करण्यासाठी देशातील सर्व कार्यालयांस परिपत्रक धाडावे, आणि मग त्या एकाखेरीज सर्वांपुरते ते रद्द करावे, तसा हा प्रकार. असली परिपत्रके आमच्याकडे येत नाहीत असे नाही, पण तो विषय वेगळा.

ह्या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी पुण्यात मांडली गेली, हे मराठी माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डचे पदवीधर, बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन करून पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आलेले. १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावरचा निबंध प्रसिद्ध झाला. कल्पना अशी की प्रत्येक फलन हा एका अफाट, अनंत मितींच्या अवकाशातील एक बिंदू मानावा. एका जातीची पुष्कळ फलने घेतली की त्या अवकाशात बिंदूंचा एक थवा दिसेल. हा थवा ज्या दिशेने सर्वांत अधिक पसरला असेल ती पहिली दिशा, उरलेल्या पसाऱ्यात जी सर्वांत लांब ती दुसरी, अशा क्रमाने दिशा निवडाव्या. मग पहिल्या थोड्या दिशांचे आकडे ठेवले आणि बाकीचे टाकले, तरी सरासरीने सर्वांत कमी चूक होते. त्याच दशकात फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह ह्यांनी हेच स्वतंत्रपणे मांडले. पाठ्यपुस्तकांतून बहुधा त्या दोघांचीच नावे येतात. कोसंबींचे नाव क्वचित कोठे जोडलेले आढळते. पुण्यातल्या माझ्या अभ्यासक्रमात ते कधी आले नाही, आणि ह्याचे मला अजून आश्चर्य वाटते.

कोसंबींच्या दिशा प्रत्येक थव्यागणिक नव्याने काढाव्या लागतात, आणि ते काम जड आहे. बंगळुरास जन्मलेले नासिर अहमद ह्यांनी १९७४ साली दोन सहकाऱ्यांबरोबर तिला जवळजवळ तुल्य अशी सोपी, ठरीव लाटांची रीत दिली. पुढे १९९२ च्या सुमारास आलेली जेपेग पद्धत तिच्यावरच उभी आहे. आपल्या दूरध्वनीतील छायाचित्रे बहुधा तिनेच आवळलेली असतात. तीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडतात. फार आवळले की हे तुकडे फरशीच्या सांध्यांसारखे उघडे पडतात.

दुसरी वाट तरंगिकांची. तरंगिका म्हणजे थोड्या जागेत उठून विरणारी लहानशी लाट. तिचे बीज हंगेरीच्या हार ह्याने १९१० साली दिले होते, आणि ते पाटीवर करून पाहता येते. ९, ७, ३, ५ हे चार आकडे घ्या. पहिल्या जोडीची सरासरी ८ आणि निम्मा फरक १. दुसरीची सरासरी ४ आणि निम्मा फरक उणे १. आता ८ व ४ ह्यांची सरासरी ६, निम्मा फरक २. तेव्हा ६, २, १, उणे १ एवढे लिहून ठेवले की मूळचे चारही आकडे जसेच्या तसे परत मिळतात. शेवटचे दोन लहान म्हणून टाकून दिले तर ८, ८, ४, ४ मिळतात : बारकावा गेला, पण मुख्य आकार राहिला. आणि टाकलेला आकडा ज्या जागेचा, फरक तेवढ्याच जागी पडतो. बाकी तक्त्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

हे बीज सत्तर वर्षे जवळजवळ पडून राहिले. मग भूगर्भातून परतणाऱ्या लहरींत तेलाचा माग काढणाऱ्या मॉर्ले ह्या फ्रेंच अभियंत्यास अशा लहान लाटांची गरज भासली. ग्रॉसमन ह्या भौतिकीच्या अभ्यासकाने त्यांना गणिताची बैठक दिली. १९८५ च्या सुमारास ईव्ह मेयेर छायाप्रतीच्या यंत्रापाशी उभे असताना एका सहकाऱ्याने त्यांच्या हाती तो निबंध ठेवला, असे सांगतात. छायाप्रतीच्या रांगेत आम्हीही जन्म घालवितो, पण आमच्या हाती रजेच्या अर्जाखेरीज काही पडत नाही. मेयेर ह्यांना पुढे २०१७ साली आबेल पारितोषिक मिळाले. स्तेफान माला ह्यांनी सरासरी आणि फरकांची ही उतरंड व्यवस्थित बांधली, आणि बेल्जमच्या इंग्रिड दोबेशी ह्यांनी १९८८ साली हारच्या खडबडीत पायऱ्यांऐवजी वळणदार आणि तरीही आटोपशीर तरंगिका रचल्या.

ह्यानंतर गणित आणि अंगठा ह्यांची गाठ पडली. अंगठ्याचा दफ्तराशी संबंध मुळात आपल्याच देशात जुळला : १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे हर्शेल ह्या अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या करारावर पंजाचा ठसा घेतला, आणि १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे खाते निघाले. शंभर वर्षांनी अमेरिकेच्या एफ.बी.आय. पाशी ठशांची सुमारे तीन कोटी पत्रके साठली. जेपेगने ती आवळली तर त्या फरशीच्या सांध्यांत बोटांच्या रेषा तुटू लागल्या. म्हणून १९९३ साली तरंगिकांची पद्धत प्रमाण ठरली आणि पत्रके सुमारे पंधरापट आवळली गेली. पुढची जेपेग २००० ही पद्धतही तरंगिकांचीच, आणि आपल्या आधारच्या प्रमाणकांत तिला स्थान आहे. पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले, हे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसास सांगावयास बरे वाटते.

तरंगिकांचे मोठेपण केवळ जागा वाचविण्यात नाही. फलन किती गुळगुळीत वा किती खडबडीत, ह्यावरून गणितज्ञ त्याची निरनिराळ्या फलन-अवकाशांत, म्हणजे जणू निरनिराळ्या कुळांत, वाटणी करतात. त्यांतली काही कुळे बेसॉव्ह ह्या रशियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जातात. फूर्येचे आकडे केवळ किती मोठे एवढे पाहून हे कूळ बहुतेक वेळा ओळखता येत नाही. तरंगिकांचे आकडे पाहून ते ओळखता येते. बारीक बारीक पातळीवर ते किती वेगाने लहान होत जातात एवढे पाहिले की पुरे. ह्यावरूनच डोनोहो आणि जॉनस्टन ह्यांनी १९९४ साली एक रीत सांगितली : कागदाचा मळ, यंत्राची खरखर ह्यांचे आकडे लहान असतात, एक उंबरठा ठरवा, त्याखालचे सारे शून्य करा, खरी आकृती उरेल. नीर गेले, क्षीर उरले.

पण घासलेल्या बोटाची रेषाही मंदच असते. तिचा फरकही एकाचा, आणि जुन्या कागदाच्या खरखरीचाही एकाचा. आकड्यावर कोणाचेच नाव लिहिलेले नसते. उंबरठा दोघांनाही एकदम बाहेर काढतो. माझ्या आईचे कुटुंब-निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दर नोव्हेंबरात तिच्या हयातीचा दाखला काढावा लागतो. एके वर्षी एका केंद्रावर यंत्राने तिची दहाही बोटे नाकारली. आई शांतपणे म्हणाली, “अरे, जन्मभर राखेने भांडी घासली, रेषा बोटांवर राहतील की पातेल्यांवर?” शेवटी डोळ्याच्या बुबुळावरून काम झाले. तेथे दोष गणिताचा नव्हता. बोटावरच जे नाही ते यंत्र कोठून वाचणार?

फागीकडच्या एका ढाणीतून जी विधवा बाई आमच्याकडे आली तिची गोष्ट निराळी. तिचा नवरा चौकीदार होता. त्याच नावाचा, आणि बापाचे नावही तेच असलेला आणखी एक चौकीदार त्याच कार्यालयात होऊन गेलेला. दोघांपैकी एकाने राजीनामा दिलेला. राजीनामा देणाऱ्याच्या विधवेस काही मिळत नाही. दोन सेवापुस्तके, आणि त्यांतले बाईच्या धन्याचे कोणते हे सांगणारी एकच खूण : पहिल्या पानावरचे ठसे. तिच्यापाशी नवऱ्याचा अंगठा असलेला एक जुना कागद होता. तपासनिसाकडे आवळलेली चित्रे गेली, आणि उत्तर आले की रेषा सुवाच्य नाहीत. मी पडद्यावर चित्र मोठे करून पाहिले. कडा स्वच्छ, शिक्का स्पष्ट, अधिकाऱ्याची सही झळझळीत. आणि ठशाच्या जागी एक सफाईदार, सुंदर डाग. मग तळघरातून मूळ पुस्तक आणून भिंगाखाली धरले. रेषा होत्या. फिकट, पण होत्या.

कोसंबींनी नाण्यांवरही पुष्कळ काम केले. तक्षशिलेस सापडलेल्या हजारावर चांदीच्या नाण्यांची वजने त्यांनी संख्याशास्त्राने अभ्यासिली. नाणे हातोहात फिरते, झिजते आणि हलके होते. ही तूट क्षुल्लक, म्हणजे मळाच्याच जातीची, म्हणून कोणी सोडून दिली असती. त्यांनी तिच्यावरूनच कोणते नाणे किती काळ चलनात होते, कोणते आधीचे, कोणते नंतरचे हे वाचून काढले. ज्या माणसाने थोड्या आकड्यांत पुष्कळ सांगण्याची रीत बसविली त्यानेच झिजेला साक्षीदार केले, ह्यात मला विसंगती वाटत नाही. काय टाकावे हे त्याने थवा पाहून ठरविले, आणि थवा कशासाठी पाहावयाचा आहे हे आधी ठरविले.

आमच्याकडे उंबरठा एकच होता, सर्व पानांना सारखा. मी टिपणी लिहिली : ठशांची पाने जेपेग २००० च्या अशा प्रकारात ठेवावी की ज्यात एकही आकडा टाकला जात नाही, कारण त्याच तरंगिकांत तशीही सोय आहे, आणि चित्रण पुरे झाल्यावर मूळ पुस्तके नष्ट करण्याचा जो प्रस्ताव आहे तो स्थगित ठेवावा. टिपणीत मी हारचे चार आकडेही घातले होते. शाखाधिकाऱ्यांनी ते खोडले, पण पहिली विनंती मान्य झाली. दुसरी वरिष्ठ कार्यालयाकडे गेली आहे. बाईचे मूळ पुस्तक मोहोरबंद पाकिटातून तपासनिसाकडे रवाना झाले. त्याची पोच आली आहे, अभिप्राय यावयाचा आहे. तळघरातील बाकीच्या पुस्तकांना पावसाळ्यात वाळवी लागू नये म्हणून मी आणि आमचा दफ्तरी दर शनिवारी थोडी थोडी वर आणून गच्चीवरच्या सावलीत पसरतो. जयपूरची हवा कोरडी. कागदाला ती मानवते.