जाड तार

नेवाशास जाण्याचा योग आम्हांस वर्षातून एकदा तरी येतोच. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्या ‘पैस’ खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, त्यापुढे उभे राहिले की वर्गात तीस वर्षे केलेल्या आमच्या बडबडीची आम्हांस लाज वाटू लागते. गेल्या खेपेस ही लाज देवळापर्यंत थांबली नाही. ती वाटेतच भेटली.

आमचा भाचा हौशी रेडिओवाला आहे. सरकारी परीक्षा देऊन त्याने परवाना मिळविला आहे. २००१ साली कच्छच्या भूकंपात टेलिफोन मुके झाले, तेव्हा अशाच हौशी मंडळींनी निरोप पोहोचविले होते. त्याने आपला शंभर वॉटचा संच आमच्या मोटारीत आणला. हे यंत्र ऐकताना एकदोन अँपिअरवर संतुष्ट असते. बोलू लागले की वीस मागते! भाच्याला जाड तारा थेट बॅटरीपासून आणावयाच्या होत्या. मोटारीच्या पत्र्याला भोक पाडण्यास आमची तयारी नव्हती. “सिगारेट पेटविण्याची ती खाच आहे ना? तीतून घे,” असा आम्ही हुकूम सोडला.

नेवासा फाट्याच्या अलीकडे खाचेचा फ्यूज उडाला. “मोठा घाल,” आम्ही म्हणालो. भाचा क्षणभर घुटमळला. मग “बरं, मामा,” म्हणून त्याने तो घातला. थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास सुटला. मागच्या बाकावर आमची नात झोपली होती.

भाच्याने चटकन तार उपटली, म्हणून निभावले. लिंबाखाली बसून त्याने आम्हांस समजावले. फ्यूज यंत्राची नव्हे, तारेची राखण करतो. तो मोठा केला, की त्याच्या जागी तारच जळते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. अडीच चौरस मिलिमीटरची तार चार मीटर नेली, तर जाऊन-येऊन आठ मीटर होतात. वीस अँपिअरला सुमारे सव्वा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. म्हणून तार जाड हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी.

“हे तुला आधीच ठाऊक होते?”

“होते, मामा.”

“मग बोलला का नाहीस?”

तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ कळावयास आम्हांस कोशाची गरज पडली नाही. आमच्या वडीलपणाचा भार मोठा आणि त्याच्या-आमच्यातील बोलण्याची तार बारीक. खरे शब्द वाटेतच खर्ची पडले. तीस वर्षांत किती विद्यार्थी असेच “बरं, सर,” म्हणून गप्प बसले असतील, कोण जाणे!

परतल्यावर पत्र्याला भोक पाडावयाची जागा आम्हीच दाखविली. भाचा म्हणाला, “मामा, इथे नको, तिथे.”

आम्ही मुकाट्याने बोट सरकविले.