रिकामे नागपूर

परीक्षा संपल्या की आपल्या शाळेतली निम्मी मुले मामाकडे नागपूरला पळतात. गंमत अशी की त्याच सुमारास जमेल तो नागपूरकर नागपूर सोडतो. ही रीत जुनीच आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होते तेव्हा सरकारसुद्धा उन्हाळ्यात पचमढीला मुक्काम हलवीत असे.

१९९२ च्या मे महिन्यात आमचे बी.ए. नुकतेच झाले होते. मामाजी सहकुटुंब महाबळेश्वरला निघाले आणि महालातल्या त्यांच्या घराच्या राखणीला आम्हाला बोलावणे आले. छोट्या गाडीने इतवारीला उतरलो. (ती नॅरोगेज २०१५ साली बंद झाली. तिची खडखड अजून कानात आहे.) काम फारसे नव्हते. तुळशीला पाणी घालायचे, कूलरमध्ये बादल्या ओतायच्या, खिशात कांदा ठेवून सकाळीच भाजी आणायची. नवतपा लागेपर्यंत गल्लीतल्या बहुतेक दारांना कुलपे लागली. रात्री गच्चीवर आजूबाजूच्या रिकाम्या गच्च्या पाहून सौंसरची फार आठवण येई.

शेजारच्या घरात मात्र एक आजी होत्या, निवृत्त शिक्षिका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुढे गेली आणि नेमकी घरच्यांच्या तिकिटांच्या आठवड्यात आली. मंडळी गेली, आजी राहिल्या. डोळ्यावर पट्टी, सकाळी डबा करून जाणारी बाई, बस. एक दिवस खिडकीतून हाक आली, "बाबू, पेपर वाचून दाखवशील का?"

आमचे सगळे शिक्षण हिंदीतून झालेले. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आपला सौंसर मध्यप्रदेशात राहिला. मराठी राहिली ती घरात, तीही 'डोळ्या'ला 'डोया' म्हणणारी. लिपी एकच, म्हणून वाचता येईल असे वाटले. 'तरुण भारत' उघडला आणि पहिल्याच बातमीत 'चूल' हिंदीच्या 'च'ने वाचली. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा वाच." रोज तासभर हेच चाले. घाम उन्हाचा की मराठीचा, कळत नसे.

त्यांना निधनवार्ता आधी लागत. एका सकाळी एक नाव वाचले, पुढचे गाव वाचले आणि आम्ही अडखळलो. आजी आपल्या ज्या मैत्रिणीबद्दल रोज बोलत, तिचेच ते नाव होते.

"थांबलास का? अक्षर अडले की माणूस?"

आम्ही वाचले. चारच ओळी होत्या. आजींना उन्हात बाहेर पडायची मनाई होती आणि सांगावे असे गल्लीत कोणी नव्हते. बराच वेळ कूलरचाच आवाज होता. मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाच, सावकाश." त्या ओळी आम्ही एकही चूक न करता वाचल्या. त्या दिवशी बाकीचा पेपर तसाच राहिला.

जूनमध्ये कुलपे उघडली, आजींची नातवंडे आली, आम्ही सौंसरला परतलो. पोहोचल्याचे पोस्टकार्ड आजींना मराठीत लिहिले, आयुष्यातले पहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले, त्यांच्याच हातचे. चष्मा लागला होता, आंब्याचे लोणचे घालून झाले होते आणि खाली आमच्या पत्रातल्या सात चुका क्रमवार लिहिल्या होत्या.