डॉक्टरकीचे पहिले वर्ष आणि दादांचा प्रश्न

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या घरचा मुलगा किंवा मुलगी यंदा डॉक्टरकीला गेली असेल, तर गावात पेढे वाटून झाले असतील. मारुतीपुढे नारळ फुटला असेल, चौकात अभिनंदनाचा फलकही लागला असेल. आनंद रास्तच आहे. पण पेढे संपल्यावर जे पहिले वर्ष सुरू होते, त्याविषयी घरात कुणी फारसे बोलत नाही. मुलेही बोलत नाहीत. पत्र असो की फोन, "सर्व ठीक आहे" एवढेच कळवतात. मीही तसेच कळवत होते. म्हणून माझीच गोष्ट तुम्हाला सांगते.

मी १९७९ साली वैद्यकीय महाविद्यालयात गेले. आमचे घर तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गावाबाहेरच्या वस्तीवर. एक विहीर, तिच्यावर डिझेल इंजिन, थोडा ऊस आणि बाकी ज्वारी-बाजरी. दादा, म्हणजे माझे वडील, जेमतेम सही करण्यापुरते शिकलेले. थोरल्या भावाने दहावीनंतर शाळा सोडली आणि नांगर धरला. दोघांना शिकवणे घराला झेपणारे नव्हते. दोघांत माझे गुण जास्त होते, म्हणून मी पुढे गेले. तेव्हा आजच्यासारखी नीट परीक्षा नव्हती. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. तो मिळाला आणि एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू घेऊन मी शहरातल्या वसतिगृहात दाखल झाले.

पहिला दिवस शवविच्छेदनाच्या दालनाचा. एका टेबलाभोवती आम्ही दहाजण. फॉर्मॅलिनच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाणी वाहू लागले. समोर एका वयस्क माणसाचा देह होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धाडस झाले नाही, म्हणून मी पायांकडे पाहिले. टाचांना खोल भेगा पडलेल्या होत्या, अगदी आमच्या दादांच्या टाचांना असतात तशा. कुठल्यातरी रानात राबलेला तो माणूस. बेवारस देह अभ्यासासाठी महाविद्यालयाला देता यावेत म्हणून १९४९ साली कायदा झाला. त्या कायद्याने तो आमच्यापर्यंत आला होता. त्या रात्री मला जेवण गेले नाही. पुढे आठ-दहा दिवसांत वासाची सवय झाली, जेवणही जाऊ लागले. तुमचे मूल घाबरट आहे की काय, अशी शंका मनात आणू नका. हे जवळजवळ सगळ्यांचे होते आणि सगळ्यांचे सरते.

सरत नव्हती ती दुसरीच गोष्ट. माझी शाळा मराठीतली. अकरावी-बारावीचे शास्त्र विषय इंग्रजीतून झाले होते, पण ते पाठांतराच्या जोरावर. इथे सर भराभर बोलत, शहरातली मुले भराभर लिहीत. मी एक शब्द लिहून घेईपर्यंत सर तीन वाक्ये पुढे गेलेले असत. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र असे तीन विषय. एकट्या शरीररचनेचे पुस्तक उशाला घेता येईल एवढे जाड. अंगात दोनशे सहा हाडे, आणि प्रत्येक हाडाच्या खाचेला, उंचवट्याला, भोकाला वेगळे नाव. रात्री दीडपर्यंत मी घोकत असे आणि सकाळी ते विसरत असे.

ऑक्टोबरात पहिली तोंडी परीक्षा झाली. खांद्यापासून बोटांपर्यंतचा भाग होता. सरांनी दंडाचे हाड माझ्या हातात दिले आणि इंग्रजीत विचारले, हे कुठल्या बाजूचे? मला उत्तर येत होते, वाचकहो. पण तोंडातून शब्द फुटेना. हाड हातात धरून मी तशीच उभी राहिले. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढच्या मुलाला बोलावले. वीसपैकी सहा गुण पडले. घरी मी पत्र लिहिले, "अभ्यास चांगला चालू आहे. काळजी नसावी."

दिवाळीच्या सुटीला घरी निघाले, तेव्हा मनाशी ठरवले होते की परत जायचे नाही. तरीही हाताच्या हाडांची पिशवी बरोबर घेतली. वरच्या वर्गातल्या मुलीकडून ती हाडे विकत घेतलेली, पैसे दादांचे. टाकून कशी देणार? तेव्हा खऱ्या हाडांवरच शिकत. आता प्लास्टिकच्याही प्रतिकृती मिळतात.

घरी पोचल्यावर आजीने लाडवाच्या आशेने पिशवीत हात घातला आणि एकच ओरडा केला. "अगं बया! लक्षुमीपूजनाला मेल्या माणसाची हाडं घरात? आधी बाहेर काढ!" आई गप्प, भाऊ गप्प. शेवटी दादांनीच पिशवी उचलली आणि विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत खुंटीला टांगली. म्हणाले, "अभ्यास हितं कर. हितं कुणाला इटाळ नाही."

त्या रात्री दादा उसाला पाणी देत होते. मी कंदील घेऊन खोलीच्या दाराशी बसले. दारे धरून झाल्यावर दादांनी इंजिन बंद केले. सगळीकडे एकदम शांत झाले, आणि त्या शांततेत मला रडू आवरेना. परीक्षेत सहा गुण पडले, इंग्रजी समजत नाही, मला परत जायचे नाही, हे सगळे एका दमात सांगून टाकले. भाऊ खोरे धुवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "परत ये की. म्हणजे माझीबी शाळा फुकट गेली, आन् तुझीबी." एवढे बोलून तो निघून गेला. ते वाक्य मला आजही टोचते, कारण त्यात खोटे काहीच नव्हते.

दादा रागावले नाहीत आणि समजूतही घातली नाही. माझ्यापुढे बसले, पिशवीतून दंडाचे हाड काढले, कंदिलापुढे धरले आणि म्हणाले, "हे कोणत्या हाताचं हाय?"

सरांचाच प्रश्न! फक्त आपल्या भाषेत. मी डोळे पुसून सांगू लागले. "दादा, हा वरचा गोल गोळा बघा. हा खांद्यात बसतो, आणि त्याचं तोंड कायम अंगाकडं असतं. खालच्या टोकाला हा खड्डा आहे ना, तो मागच्या अंगाला. हात सरळ केला की कोपराचं टोक ह्यात बसतं. आता गोळा आत ठेवला, खड्डा मागं ठेवला, की हाड उजव्या हाताचंच लागतं. डाव्याला लागत नाही."

दादांनी हाड स्वतःच्या दंडाला लावून पाहिले. मग हाडाच्या मागच्या बाजूवर अंगठा फिरवला. तिथे एक तिरपी, उथळ खाच असते. गाडीवानाचा अंगठा तो, तिथे बरोबर थांबला. "आन् ही चाकोरी कसली?"

गाडीच्या चाकांनी रस्त्याला पडते ती चाकोरी. इंग्रजीतले ते अवघड नाव मी पन्नास वेळा घोकले होते, पण ती चाकोरी आहे हे मला तोवर उमगले नव्हते. मी म्हणाले, "ह्यातून एक मज्जातंतू जातो, दादा. मनगट आणि बोटं वर उचलायची ती त्याच्यामुळं. हाडाला अगदी चिकटून जातो, म्हणून हाड इथं मधोमध मोडलं तर..."

मी बोलता बोलता थांबले आणि दादांनी माझ्याकडे पाहिले. दोघांच्याही मनात एकच माणूस आला होता. आमच्या भावकीतले नाना. नऊ वर्षांपूर्वी उसाची गाडी कलंडून त्यांचा उजवा दंड मोडला होता. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड जुळले, पण मनगट लुळे पडले ते कायमचे. गावात बोलले गेले की सख्ख्या भावाने बांधाच्या भांडणापायी करणी केली. तेव्हापासून दोन्ही घरांचे जाणे-येणे बंद होते.

पाडव्याच्या दिवशी दादा मला नानांकडे घेऊन गेले. मी घाबरत म्हणाले, "नाना, हात कोपरात सरळ करून दाखवा." तो सरळ झाला. "आता मनगट वर उचला." नाही उचलले. मग मी त्यांच्या पंजाच्या पाठीवर, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या जागेला हात लावला. "हितं बधिर लागतं ना? टोचलं तर कळत नाही ना?"

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "हे तुला कुणी सांगितलं? मी तर कुणाला बोललो नाही."

मी त्यांना दंडाचे हाड दाखवले, चाकोरी दाखवली, मज्जातंतूचा रस्ता बोटाने काढून दाखवला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता बरा होईल का गं?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. नऊ वर्षे उलटून गेली होती, आणि मी अडीच महिन्यांची विद्यार्थिनी. भावाभावांचे वैरही त्या दिवशी मिटले नाही. भावकी अशी एका दुपारीत मिटत नसते. पण करणीचा शब्द नानांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

सुटी संपली आणि मी परत गेले. कुणी जा म्हटले नाही, राहा म्हटले नाही. निघताना दादा एवढेच म्हणाले, "दर आठवड्याला एक गोष्ट कार्डावर लिहून धाडत जा. मला समजंल अशी."

वाचकहो, त्या पोस्टकार्डांनी मला तारले. दादांना समजेल असे लिहायचे म्हणजे आधी मला नीट समजायला हवे. दंडातली मोठी धमनी कोपरापाशी दुभंगते आणि तिच्या दोन शाखा मनगटाकडे जातात, हे मी पाटाच्या दोन फाट्यांसारखे लिहिले. हृदयाच्या झडपा रक्त एकाच दिशेने कशा जाऊ देतात, हे विहिरीतल्या पाइपाच्या फूट व्हॉल्व्हवरून लिहिले. आधी मराठीत समजून घ्यायचे, मोठ्याने सांगायचे, मग तेच इंग्रजीत बोलायचे, हा माझा नेम झाला. खोलीतली मैत्रीण इंग्रजी शाळेतली होती. ती माझे उच्चार सुधारी आणि मी तिला रचना समजावून देई. कळल्यावर शब्द राहतात, नुसते घोकलेले राहत नाहीत.

दादांना लिहिता येत नसे, म्हणून उत्तरे भावाच्या अक्षरात येत. आधी दोन ओळी खुशालीच्या असत. मग प्रश्न येऊ लागले. "दादा विचारतात, बैलाच्या खांद्यालाही अशीच नस असते का?" पुढे पुढे "दादा विचारतात" हे शब्द गळाले आणि नुसते प्रश्न राहिले. ते कुणाचे, हे मला कळत होते. भावाने त्या रात्रीचा विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

तेव्हा पहिले वर्ष दीड वर्षाचे असे. १९८१ साली मी तिन्ही विषयांत पास झाले. नंबर वगैरे काही आला नाही, काठावरचेच पास. पुढे तालुक्याच्या गावी तीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवला. मोडलेला दंड घेऊन कुणी आले, की कामट्या-पट्टीला हात घालण्याआधी मी त्याला मनगट वर उचलायला सांगे. मनगट पडले असेल तर ते त्याला आणि घरच्यांना तेव्हाच दाखवून मोठ्या दवाखान्यात पाठवी. पुष्कळांचा हात काही महिन्यांत आपोआप परत येतो. ज्यांचा येत नाही, त्यांच्यासाठी वेळेत शस्त्रक्रिया करता येते. नानांच्या वेळी हे सांगणारे कुणी नव्हते.

आता पुष्कळ बदलले आहे. पहिले वर्ष बारा महिन्यांचे झाले, म्हणजे ओझे तेच आणि वाट आखूड. २०१९ पासून सुरुवातीला काही दिवस पायाभूत वर्ग असतात, त्यांत भाषेचीही मदत मिळते. तिची लाज वाटून घेऊ नये. देहापुढे उभे राहून मुले आधी शपथ घेतात, की याचा मान राखू. आमच्या वेळी असे काही नव्हते. एखाद्या विषयात नापास झाल्यास पुरवणी परीक्षा असते. आणि मन फारच खचले तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

पण घरच्यांचे काम घरच्यांनीच करायचे असते. मुलाचा फोन आला की "किती गुण पडले?" हा प्रश्न मागे ठेवा. "आज काय शिकलास? मला समजेल असं सांग," असे विचारा. तुम्हाला सगळे कळले नाही तरी चालेल. सांगता सांगता त्याला कळते. आणि कुठे अडले आहे, तेही त्याच बोलण्यातून बाहेर येते. एरवी ते "सर्व ठीक आहे" खाली दबून राहते.

आणखी एक. २०२१-२२ च्या तुकडीपासून डॉक्टरकीच्या मुलांना खेड्यातली काही कुटुंबे दत्तक देतात. पहिल्या वर्षापासून त्यांनी त्या घरी जायचे असते. उद्या असा एखादा अवघडलेला पोरगा किंवा पोरगी वही घेऊन तुमच्या ओट्यावर येईल. त्यांना चहा द्या, आणि दादांनी विचारला तसा एखादा प्रश्न विचारा. आपल्या भाषेत.