उशिरा उघडलेले डोळे

६ जुलै, गोंदिया
यंदा वर्गात ‘दृष्टी आणि मेंदू’ हा भाग एकाच संशोधकाचे शोधनिबंध सालवार घेऊन शिकवणार आहे. पवन सिन्हा. आयआयटी दिल्लीचे विद्यार्थी, आता अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीच्या श्रॉफ नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया होते आणि मग त्यांचा मेंदू पाहायला कसा शिकतो, याचा अभ्यास. या कामाचं नाव ‘प्रोजेक्ट प्रकाश’. आधी उपचार, मग प्रयोग. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

८ जुलै
२००६चा निबंध. बाराव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेली एक बाई. तपासलं तेव्हा वय ३२. नजर अधूच राहिली होती, पण आकार, वस्तू, चेहरे ती बऱ्यापैकी ओळखत होती. लहानपणीची काही वर्षं गेली की मेंदूचं दार कायमचं बंद, असं पुस्तकं सांगत आली. या एका बाईने त्या विधानाला तडा दिला.

११ जुलै
परसवाडा तलावाकडे गेलो. बांध्यांत पाणी साचलंय, रोवणीची घाई. सोबतच्या सारसमित्राने बोट दाखवलं, तरी मला करड्या पाण्यापलीकडे काही दिसेना. मग पक्ष्याने एक पाऊल उचललं आणि क्षणात लाल डोकं, लांब मान, पाय, सगळा सारस वेगळा झाला. २००९च्या निबंधात हेच आहे. नव्याने दृष्टी आलेल्यांना स्थिर चित्रात वस्तूंचे नुसते तुकडे दिसत. एकावर एक आलेले दोन आकार सुटे करता येत नसत. तेच आकार हलू लागले की जमायचं. काही महिन्यांनी स्थिर चित्रंही उलगडू लागली. माझ्या मते या सगळ्या यादीतला सर्वांत महत्त्वाचा निबंध हाच.

१४ जुलै
१६८८मध्ये मॉलिनेक्सने तत्त्वज्ञ लॉकला विचारलं होतं: स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या आंधळ्याला दृष्टी आली, तर तो नुसत्या नजरेने ते ओळखेल का? उत्तर २०११मध्ये पाच भारतीय मुलांनी दिलं. हाताळलेला ठोकळा पुन्हा हाताने ओळखण्यात ९८ टक्के अचूक. डोळ्यांनी ओळखण्यात ५८, म्हणजे जवळजवळ अंदाजच. पुढे काहींना थोड्याच दिवसांत जमू लागलं.

१७ जुलै
फळ्यावर वर निमुळते होत गेलेले दोन रूळ आणि त्यांवर सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या. सगळ्यांना वरची लांब वाटली. मुलं म्हणाली, “सर, आपण रोज जंक्शनवर रूळ पाहतो, म्हणून.” पण २०१५च्या निबंधातल्या नऊ मुलांनी रूळ दूरवर जाताना कधी पाहिलेच नव्हते. शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासलं, तरी त्यांनाही वरचीच लांब दिसली. वर्ग एकदम गप्प झाला. मग प्रश्नांची झोड.

२१ जुलै
देवरी, सालेकसाकडची मुलं सुटीत गावी निघाली. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं, तर एक दिवसही थांबू नका. आशाताईंना सांगा, नेत्रतज्ज्ञाकडे न्या. जितकं लवकर तितकं उत्तम. गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. गरोदरपणातला रुबेला हे जन्मजात मोतीबिंदूचं एक कारण आहे. आणि मूल दहा-बारा वर्षांचं झालं असलं, तरी “आता काय उपयोग” म्हणून घरी बसवू नका. तपासून घ्या.