बाबा, गाडी आणि एक वायसर

शनिवारी जालन्याला घरी पोचलो, तर बाबांच्या मोटारसायकलखाली पुठ्ठा! ऑइल गळतंय म्हणे. "वय झालं आता," बाबा म्हणाले. गाडीचं की स्वतःचं, विचारायचं धाडस झालं नाही.

आमचा सॉफ्टवेअरवाल्यांचा खाक्या: आधी बग नेमका कुठे ते शोधा. इंजिन पुसून टाल्कम पावडर मारली, गाडी दहा मिनिटं चालू ठेवली. ड्रेन बोल्टभोवतीच पावडर ओली! बोल्ट आणखी आवळायचा मोह झाला. पण अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की संपलंच. जुनं ऑइल काढलं, चेपलेला वायसर बदलला, नवं भरलं.

रविवारी पुठ्ठा कोरडा. बाबा काहीच बोलले नाहीत. मला मागे बसवून थेट अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला निघाले!