बिबट्या आला की मृदंग थांबतो

अण्णांनी हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ह्याच्यासंगं मला वाजवता यायचं न्हाई. हा माझं ऐकतच न्हाई."

'हा' म्हणजे मेट्रोनोम. मिनिटाला १२० ठोके. एप्रिलची दुपार, धारूर तालुक्यातलं आमचं घर, आवाज माइकमध्ये येतो म्हणून बंद केलेला पंखा, भिंतीला टांगलेल्या गोधड्या आणि घामाने निथळणारे आम्ही दोघं. मृदंगाच्या डाव्या बाजूला, म्हणजे धुमेला लावलेली कणीक उन्हाने सारखी सुकत होती. आई दर वेळी पिठाची नासाडी म्हणून कुरकुरत नवा गोळा भिजवून देत होती.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. दिवसा पेमेंटच्या ॲपचा कोड लिहितो. रात्री दोन मित्रांबरोबर मोबाइलसाठी एक छोटा गेम बनवतो. गेम साधा आहे: एक मुलगी पहाटे अंधारात कोपीतून निघते आणि उसाच्या फडातून वाट काढत आईबापाला भाकरी पोचवते. फडात बिबट्या असतो. बस्स.

ही मुलगी माझी ताई आहे. आमच्या घरचा कोयता दिवाळीनंतर निघायचा. मी शाळेसाठी आजीपाशी गावातच राहायचो. ताई मात्र लहान भावंडाला सांभाळायला, भाकरी करायला अण्णा-आईबरोबर जायची. माझ्या इंजिनियरिंगची फी मुकादमाच्या उचलीतून भरली गेली. ताईची शाळा सातवीत सुटली. मला नोकरी लागली त्या वर्षी शेवटची उचल फेडली, पण ताईचं देणं कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.

तर या गेमला संगीत हवं होतं. आणि गेमचं संगीत सिनेमासारखं नसतं. सिनेमात बिबट्या नेमका कितव्या सेकंदाला येणार हे संगीतकाराला माहीत असतं. गेममध्ये मात्र खेळणारा दहा मिनिटं बांधावरच उभा राहू शकतो किंवा धूम पळत सुटू शकतो. त्यामुळे एक सलग गाणं लिहून चालत नाही. संगीत थरांमध्ये बांधतात. माझ्या पहिल्या आराखड्यात चार थर होते: तंबोऱ्यासारखा सूर, मृदंग, टाळ आणि आवाज. चारही फाइल एकाच क्षणी सुरू होतात, सारख्याच लांबीच्या असतात, पण त्यातल्या तीन अगदी मुक्या चालू असतात. गेममध्ये 'धोका' नावाचा एक आकडा शून्य ते एकमध्ये वरखाली होतो. तो वाढला की एकेका थराचा आवाज उघडत जातो. एफमॉड, वाइज अशी सॉफ्टवेअर्स हेच काम सोपं करतात.

ही कल्पना जुनी आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये फक्त चार सुरांचा ठोका होता. शत्रू जसजसे कमी होत जायचे तसतसा तो जलद व्हायचा, आणि खेळणाऱ्याची छातीही. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये मारिओ योशीच्या पाठीवर बसला की त्याच गाण्यात बोंगोचा ताल मिसळतो, उतरला की निघून जातो. १९९१ मध्ये 'मंकी आयलंड २'साठी मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा वापरली. तुम्ही रस्त्यावरून दुकानात शिरलात तर धून तुटत नाही. ती योग्य जागा बघून वळण घेते.

हे सगळं मी यूट्यूबवर शिकत होतो तेव्हा एका रात्री लख्ख आठवलं, की हे मी लहानपणापासून बघत आलोय, मारुतीच्या देवळासमोर, सप्त्यात. बुवांचं निरूपण चालू असतं तेव्हा अण्णांचे हात मृदंगावर नुसते टेकलेले. बुवा चालीवर आले की भजनी ठेका सुरू. टाळकरी आधी हळू, मग खणखणीत. गजर आला की सगळे थर उघडे आणि लय चढत जाते. बुवा मधेच थांबून दृष्टांत सांगायला लागले, की पुढच्या समेला सगळं शांत. कुणी कुणाला इशारा केल्याचं दिसत नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "बुवांचा श्वास बघायचा."

म्हणून माइक उसने घेऊन गावी आलो होतो. प्लॅन सोपा होता: अण्णांकडून ठेका तीन प्रकारांत वाजवून घ्यायचा, हळू, मध्यम, जोरात. आठ मात्रांचा ठेका १२० च्या लयीत बरोबर चार सेकंदांत बसतो. लूप तयार. कोड लिहिणाऱ्या माणसाला याहून सुंदर काय?

पण मेट्रोनोमबरोबरचा अण्णांचा ठेका ऐकला आणि मलाच कसंतरी झालं. प्रत्येक बोल जागेवर होता, पण वाजवणारा कुठेच नव्हता. चाळीस वर्षं समोरच्याचा श्वास बघून वाजवणाऱ्या माणसाला मी गोधड्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं.

"वाजवू कुणापुढं?" अण्णा म्हणाले.

मग मी लॅपटॉप उचलून त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, मी खेळतो, तुम्ही बघा आणि वाटेल तसं वाजवा.

मुलगी कोपीतून निघाली. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, बाजूला वाढ्याचा ढीग. अण्णांनी काहीच वाजवलं नाही. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ही आपली ताई का?"

मी हो म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने धुमेवर अगदी हलका हात पडला. मुलगी चालते त्या पावलांना. मी थांबलो की ते थांबत. मी फडात शिरलो तसा ठेका दाट होत गेला. मग मी बिबट्या आणला. माझ्या आराखड्यात इथे धोका एक, म्हणजे चारही थर पूर्ण उघडे, मृदंग सगळ्यात जोरात.

अण्णांनी हात उचलून मांडीवर ठेवले.

मला वाटलं थकले. म्हटलं, "अण्णा, वाजवा ना, बिबट्या आलाय."

"येड्या, बिबट्या आल्यावर कोण वाजवायलंय? तवा श्वासबी घ्यायचा नसतो."

त्या रात्री मी आराखडा उलटा केला. आता धोका वाढला की थर कमी होतात. आधी टाळ जातात, मग सूर, शेवटी मृदंग. बिबट्या अगदी जवळ असतो तेव्हा फक्त उसाच्या पात्यांची सळसळ उरते. मुलगी वाचून फडाबाहेर आली, की पुढच्या समेवर ठेका परत येतो. निघून जाताना मात्र सम गाठायची वाट बघता येत नाही. चार सेकंदांत बिबट्या झडप घालून मोकळा होतो. म्हणून जाताना पुढच्याच मात्रेला, म्हणजे अर्ध्या सेकंदात, आणि येताना समेवर असा नियम केला.

अडचण एकच होती. मेट्रोनोमशिवाय वाजवलेल्या ठेक्याची लय ११२ पासून १२६ पर्यंत हलत होती. संगणकाने ती ताणून सरळ करता आली असती. एकदा करून बघितली आणि पुसून टाकली. त्याऐवजी प्रत्येक आवर्तन वेगळं कापलं, त्याची सम हाताने खूण करून ठेवली, लयीप्रमाणे गट पाडले. आता मुलगी हळू चालते तेव्हा गेम संथ गटातलं आवर्तन निवडतो, पळायला लागली की जलद गटातलं. वरच्या थरांनाही त्याच समेची वाट बघायला लावली. चाळीस आवर्तनं कापायला तीन शनिवार-रविवार गेले. ऑफिसात हाच कोड कुणी दाखवला असता तर मी तो रिव्ह्यूमध्ये परत पाठवला असता.

पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' २०२० मध्ये जगभर पोचला. त्याला संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचं आहे. आमचा गेम कदाचित शंभर लोकही खेळणार नाहीत. मला एकच खेळाडू हवा होता.

ताईला मागच्या महिन्यात तिच्या फोनवर टाकून दिला. ती आता केज तालुक्यात असते. मी समोर बसून होतो. तिने आधी आवाज बंद केला. मांडीवर बाळ झोपलं होतं. सगळा गेम मुक्याने खेळली. मुलगी दोनदा मेली, तिसऱ्यांदा पोचली.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"बिबट्या चुकलाय तुझा. त्यो असा समोरून येत न्हाई. मागं मागं चालतो. आपण थांबलो की त्योबी थांबतो."

मग बाळाला दुसऱ्या मांडीवर घेत म्हणाली, "ठेव फोनात. रातच्याला आवाज लावून बघते. अण्णांनी वाजवलंय म्हणलास ना?"

मी बिबट्या दुरुस्त केलाय. आता तो मागे मागे चालतो. ताईचा फोन अजून आलेला नाही.